‘हे खरे आहे काय?’ विचारणारे आबा

सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांनी पन्नासहून अधिक वर्षं विधानसभेत बसून सरकारला पाण्याचा, मजुरीचा आणि रस्त्यांचा हिशेब विचारला. तोही बहुतेक काळ विरोधी बाकावरून, मूठभर आमदारांच्या पक्षात राहून. त्यांच्या हातात नेमकं होतं तरी काय?

जबलपूरच्या ओमती भागात एका लग्नाच्या निमित्ताने चार दिवस मुक्काम होता. घर जुनं, मराठी. तीन पिढ्यांपूर्वी नोकरीसाठी इकडे आलेलं. घरातल्या काकू मात्र थेट सांगोला तालुक्यातून सून म्हणून आलेल्या. पन्नास वर्षं होत आली, तरी बोलण्यातला माणदेशी हेल गेलेला नाही. मध्येच हिंदी शब्द येतो, पण क्रियापद माणदेशातलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नाही. लग्नघर, पाव्हणे भरलेले, आणि बादल्या कोरड्या. काकू दारात उभ्या राहून गल्लीकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘नर्मदामैया चार-पाच कोसांवर वाहती आणि आमच्या बादलीत थेंब नाही. आमच्याकडं असं झालं असतं तर आबांनी इचारलं असतं. हितं कुणाला इचारायचं रं बाळा?’’

आबा म्हणजे गणपतराव देशमुख. सांगोल्यात हे नाव सांगायला आडनाव लागत नाही. काकू माहेर सोडून इतक्या लांब आल्या, पण त्यांच्या मनातला आमदार अजून तोच आहे. ‘‘आबा एस्टीनं यायचं. स्टँडवर उतरलं की लोक कागद घेऊन उभं,’’ असं सांगताना त्यांचा चेहरा उजळला.

काकूंच्या प्रश्नाने मला मात्र भलतीकडेच नेलं. याच जबलपूरचे आमदार एके काळी नागपूरला जात असत. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूरच्या रस्त्यांचा, नळांचा प्रश्न नागपुरातच विचारला जाई. पुढे नागपूर महाराष्ट्रात आलं, जबलपूरचा कारभार भोपाळला गेला. आणि त्याच नागपुरात दर हिवाळी अधिवेशनाला सांगोल्याचा हा आमदार हातात कागद घेऊन उभा राहू लागला. आमदार बदलले, राज्यं बदलली. नळाचा प्रश्न तोच राहिला.

एकच मतदारसंघ, एकच पक्ष

गणपतराव मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. वकिलीचं शिक्षण घेतलं आणि शेतकरी कामगार पक्षाचं काम करायला सांगोल्यात आले. १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेवर निवडून गेले. त्यानंतर १९७२ आणि १९९५ हे दोन पराभव सोडले तर थेट २०१४ पर्यंत सांगोल्याने त्यांनाच पाठवलं. एकूण अकरा वेळा. मतदारसंघ एकच, पक्ष एकच. ज्या राज्यात माणसं सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात असतात, तिथे ही गोष्ट आता दंतकथेसारखी वाटते. २०१९ ची निवडणूक वयोमानामुळे त्यांनी लढवली नाही. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं.

आता ज्या तालुक्याने त्यांना पाठवलं, तो तालुकाही पाहायला हवा. सांगोला म्हणजे सोलापूर जिल्ह्याची पर्जन्यछायेतली पश्चिम बाजू. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर. माण नदी नावाला नदी. वर्षातले बरेच महिने वाळूच. बाजार भरतो तो खिलार जनावरांचा. आणि दुष्काळ पडला की तीच जनावरं पडेल भावाने विकायला याच बाजारात आणायची.

अशा तालुक्याच्या आमदाराला मुंबईत फार किंमत नसते. तो सत्ताधारी पक्षाचा असेल तर निदान निधी तरी खेचून आणतो. गणपतराव ना सत्तेत, ना मोठ्या पक्षात. मंत्रिपद दोनदा मिळालं. एकदा १९७८ च्या पुलोद सरकारात, दुसऱ्यांदा १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. दुसऱ्या खेपेला रोजगार हमी आणि पणन ही खाती होती. २००२ मध्ये रायगडच्या राजकारणावरून शेकापने पाठिंबा काढून घेतला आणि तेही मंत्रिपद संपलं. बाकी सारी वर्षं विरोधी बाक.

मग विरोधी बाकावरचा माणूस करतो काय? आपल्याला टीव्हीवर दिसतं ते फलक नाचवणं, सभात्याग, पायऱ्यांवरच्या घोषणा. गणपतरावांचा मार्ग वेगळा होता. ते सभागृहात पूर्ण वेळ बसत, कागद वाचत आणि प्रश्न विचारत. ऐकायला नीरस वाटेल. पण त्या नीरस कामातच सगळी गंमत आहे.

एका कागदाचा प्रवास

विधानसभेचा तारांकित प्रश्न कधी वाचलाय का? त्याची एक ठरलेली भाषा असते. पहिला भाग: अमुक गावातील पाणीपुरवठा योजना गेल्या दोन वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय? दुसरा: असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय व तदनुसार कोणती कार्यवाही करण्यात आली? आणि शेवटचा, ठेवणीतला: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तीन साधी वाक्यं. पण हा कागद विधानभवनातून मंत्रालयात गेला की काय होतं ते पाहा. संबंधित खात्याच्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर तो पडतो. त्याला उत्तर ठाऊक नसतं, म्हणून तो जिल्ह्याला विचारतो. जिल्हा तालुक्याला विचारतो. तालुक्याचा साहेब ग्रामसेवकाला, तलाठ्याला, उपअभियंत्याला फोन लावतो. ‘एलएक्यू आलाय, आजच्या आज माहिती पाठवा!’ सरकारी कचेरीत एलएक्यू ही तीन अक्षरं उच्चारली की पंख्याखाली पेंगणारा माणूसही ताठ बसतो. वर्षभर ज्या गावाकडे कुणी फिरकलं नाही, त्या गावात जीप येते. बंद पडलेल्या मोटारीचं झाकण उघडलं जातं. कधीकधी तर उत्तर तयार होण्याआधीच मोटार दुरुस्त होते, म्हणजे उत्तरात ‘योजना सुरू आहे’ असं छातीठोकपणे लिहिता येतं!

प्रश्न सभागृहात यायची वेळ आली नाही, गोंधळात तास वाया गेला, तरी लेखी उत्तर छापलं जातंच. मंत्री उभा राहिला तर मात्र खरी परीक्षा. तारांकित प्रश्नाला उपप्रश्न विचारता येतो. छापील उत्तरात लिहिलेलं असतं, ‘हे अंशतः खरे आहे.’ हा ‘अंशतः’ म्हणजे मराठी शासनव्यवहारातला सगळ्यात खोल खड्डा. किती गाड्या आणि किती गावं त्यात गडप झाली असतील, कोण जाणे. तो खड्डा कुठून कुठवर आहे ते उपप्रश्नातून मोजायचं असतं. पण ते जमतं कुणाला? ज्याला गावाची खडान्‌खडा माहिती आहे त्यालाच. मंत्र्याच्या मागे अधिकाऱ्यांची फौज असते, चिठ्ठ्या पुढे सरकत असतात. आमदाराच्या मागे असतो फक्त त्याने स्वतः पाहिलेला तो कोरडा हौद.

शिवाय प्रश्न हे एकच शस्त्र नाही. तातडीची बाब असेल तर लक्षवेधी सूचना असते; जबलपूरच्या लोकांना ठाऊक असलेलं भोपाळचं ‘ध्यानाकर्षण’ ते हेच. उत्तराने समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. मंत्र्याने सभागृहात ‘चौकशी करतो’, ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करतो’ असं म्हटलं की ते शब्द हवेत विरत नाहीत. शब्दशः लिहून घेतले जातात आणि आश्वासन समितीकडे जातात. ठरलेल्या मुदतीत ते पूर्ण झालं नाही तर समिती खात्याच्या सचिवाला बोलावून जाब विचारू शकते. ही सगळी अवजारं प्रत्येक आमदाराला मिळालेली असतात. बहुतेकांच्या पेटीत ती गंज खात पडून राहतात, इतकंच.

खडी फोडणाऱ्या मुलीला काय मिळालं?

हे सगळं मुंबई-नागपूरचं झालं. खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं काय पोचतं?

काकू स्वतः ते सांगू शकतात. १९७२ च्या दुष्काळात त्या चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. शाळा सुटली आणि आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागल्या. ‘‘मिलोची भाकरी घशाखाली उतरायची न्हाई. सुकडी मिळायची, ती मुठीत धरून घरी धाकट्यासाठी आणायची.’’ हे सांगताना त्यांनी मूठ वळून दाखवली. मजुरी कधी आठवड्याने, कधी महिन्याने. मोजमाप करणारा मुकादम म्हणेल तो आकडा.

योगायोग असा की नेमक्या त्या वर्षी सांगोल्याने गणपतरावांना पाडलं होतं. पण १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राने एक मोठी गोष्ट उभी केली. कल्पना वि. स. पागे यांची. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते आणि त्यांनी आपल्या तासगाव भागात १९६५ पासूनच तिचा प्रयोग केला होता. काम मागणाऱ्याला काम द्यायचं, ही सरकारची मेहेरबानी नाही, जबाबदारी आहे. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये सुरू झाला तो या योजनेला पैसा मिळावा म्हणून. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारपत्रकावरची ती छोटीशी कपात आणि माणदेशातल्या बाईच्या हातातला हातोडा यांचं असं नातं होतं. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होताच.

पण कायदा कागदावर असून भागत नाही. काम मागितलं आणि मिळालं नाही, मजुरी थकली, हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं निघाली, तर विचारायचं कुणी? मजुरांची ना संघटना, ना वृत्तपत्रात ओळख. दुष्काळी तालुक्यांचे आमदार या योजनेवर डोळ्यांत तेल घालून बसले म्हणून ती टिकली. १९९० नंतर याच योजनेतून फळबाग लागवडीला पैसे मिळू लागले. सांगोल्याच्या माळावर डाळिंब लागलं ते याच काळात. ज्या रानात हुलगा-मटकीसुद्धा धड येत नव्हती, तिथलं डाळिंब परदेशात जाऊ लागलं. तालुक्यात सहकारी सूतगिरण्या निघाल्या, एक खास महिलांची. त्यांच्यामागेही गणपतरावच होते.

कृष्णेचं पाणी आणि १९२ मतं

पण आबांच्या आयुष्यातला सगळ्यात लांबलेला प्रश्न पाण्याचा.

कृष्णेच्या पाण्याची वाटणी बच्छावत लवादाने करून दिली होती. महाराष्ट्राच्या वाट्याला पाणी आलं, पण ते अडवायचं आणि उचलायचं आपल्यालाच होतं. २००० साली या निवाड्याचा फेरविचार होणार होता. तोवर पाणी वापरलं नाही तर हक्क जाईल, ही धास्ती. आणि इकडे सांगोला, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत टँकरची वाट बघत बसलेली गावं. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषद भरू लागली. क्रांतिकारक नागनाथअण्णा नायकवडी तिचे प्रणेते. गणपतराव त्या लढ्यातले बिनीचे माणूस. दुष्काळी तेरा तालुक्यांची मागणी एक होती: कृष्णेचं पाणी आम्हालाही, आणि ते समान वाटून. ज्याला जमीन नाही त्यालासुद्धा पाण्याचा वाटा.

इथे नशिबाची गंमत पाहा. १९९५ च्या निवडणुकीत गणपतराव पडले. अवघ्या १९२ मतांनी. शहाजीबापू पाटील निवडून आले. राज्यात युतीचं सरकार आलं, ते पश्चिम महाराष्ट्रातल्या अपक्षांच्या टेकूवर उभं होतं. १९९६ मध्ये त्या सरकारने कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, रोखे विकून पैसा उभारला आणि कराडजवळची टेंभू, मिरजेजवळची म्हैसाळ अशा उपसा योजनांच्या कामांना वेग आला. ज्या पाण्यासाठी तीस वर्षं घसा कोरडा केला, त्याचे पैसे सुटले तेव्हा हा माणूस सभागृहातच नव्हता!

सत्तेचं गणित असं असतं. ज्याच्या मतावर सरकार टिकतं त्याचं काम आधी होतं. प्रश्न विचारणाऱ्याचं नंतर, कधी फारच नंतर. हे मान्य करायलाच हवं. गणपतरावांच्या साधेपणाचं कौतुक करताना अनेकदा ही बाजू विसरली जाते. पन्नास वर्षं एकच आमदार निवडून दिला आणि तरीही तालुक्याच्या अनेक गावांना पाण्यासाठी एकविसावं शतक उजाडावं लागलं, असं टीकाकार म्हणत. ते खोटं नाही.

मात्र महामंडळ निघालं म्हणजे पाणी आलं असंही नाही. रोख्यांचा पैसा आटला, कालवे अर्धवट राहिले, पंप बसले तर वीजबिल कुणी भरायचं यावर घोडं अडलं. योजनेच्या उद्घाटनाला सगळे असतात. कालव्याचा शेवटचा टप्पा रखडला की तिथे कुणीच नसतं. अशा वेळी ‘विलंबाची कारणे काय?’ हा जुनाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. १९९९ मध्ये परत आल्यावर पुढची वीस वर्षं गणपतरावांनी तो विचारला. पाणी टप्प्याटप्प्याने सांगोल्याच्या शिवारात पोचलं. काही गावांत लवकर, काही गावांत फार उशिरा.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्यामानाने लवकर हलला. शिरभावी योजना म्हणून ओळखली जाणारी प्रादेशिक योजना भीमेचं पाणी उचलते आणि तालुक्यातल्या ऐंशीच्या आसपास गावांना नळाने पुरवते. टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणाऱ्या बायकांना याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. काकूंच्या भावजयीच्या दारात नळ आला तेव्हा तिने जबलपूरला पत्र धाडलं होतं. काकूंनी ते पत्र अजून देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवलंय.

एस.टी.तून उतरणारा माणूस

गणपतरावांच्या एस.टी. प्रवासाच्या गोष्टी पेपरांत इतक्या वेळा छापून आल्या की तोच त्यांचा मोठेपणा, असं नव्या पिढीला वाटतं. मला त्यात साधेपणापेक्षा वेगळं काही दिसतं. एस.टी.त बसलेल्या आमदाराला लोक गाठतात. शेजारच्या सीटवरची म्हातारी पेन्शन थांबल्याचं सांगते, कंडक्टर रस्त्यातले खड्डे दाखवतो, मास्तर शाळेचं छप्पर उडाल्याचं सांगतो. मुंबईला पोचेपर्यंत प्रश्नांची यादी आपोआप तयार! काचा काळ्या केलेल्या गाडीतून जाणाऱ्याला हीच माहिती कुणाकडून तरी विकत घ्यावी लागते, आणि तीही बहुधा चुकीची मिळते.

शेकापच्या त्या पिढीत असा कस असलेले बरेच जण होते. कंधारचे केशवराव धोंडगे, अलिबागचे दत्ता पाटील, प्रा. एन. डी. पाटील. संख्येने थोडे, पण सभागृहात उभे राहिले की मंत्री फाइल चाळू लागायचे. शहरी आघाडीवर मृणाल गोरेंनी पाण्यासाठी असंच रान उठवलं आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ करून टाकलं. आता यांतलं कुणीच उरलेलं नाही. विधानसभेचे अधिवेशनाचे दिवसही कमी भरतात आणि भरतात तेव्हा प्रश्नोत्तराचा तास गोंधळात जातो.

सांगोल्याचा पुढचा इतिहासही मजेशीर आहे. २०१९ मध्ये नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापतर्फेच निवडून आले. आजोबांचा कागदाचा नाद नातवात उतरला का, ते सांगोलेकर मतपेटीतून सांगतीलच.

जबलपूर सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी काकूंना हे सगळं सांगत होतो, एलएक्यूपासून आश्वासन समितीपर्यंत. त्या तांदूळ निवडत ऐकत होत्या. मध्येच थांबल्या. ‘‘पर त्यो प्रश्न आमदारानंच इचारायचा, असं लिवलंय का कुठं?’’

म्हटलं, सभागृहात आमदारच विचारतो. पण २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज लिहून, दहा रुपये भरून कुणीही सरकारी कचेरीला कागदपत्रं मागू शकतं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

काकूंनी ताट बाजूला सारलं आणि नातवाला हाक मारली. त्याची वही मागवली. तो हिंदीत लिहिणार, काकू मराठीत सांगणार, असं ठरलं. ‘‘लिही. आमच्या गल्लीला मागल्या महिन्यात किती दिवस पाणी आलं न्हाई, त्याची नोंद. दोन, दुरुस्तीचा हुकूम निघाला का, त्याची नक्कल. तीन...’’ त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘ते शेवटचं काय म्हनतात रं?’’

‘‘विलंबाची कारणं.’’

‘‘हां. ज्या कागदावर ती लिवल्यात, त्यो कागद.’’ नातू मान खाली घालून लिहीत होता. ‘‘आणि तारीख टाक वर. तारीख न्हाई टाकली तर तीस दिवस मोजायचं कुठनं?’’